दीड हजार व्होल्टची गोष्ट

चिंचवड स्टेशनच्या पुलावरून खाली बघितलं की रुळांच्या वरून जाणारी तार दिसते. त्या तारेत आज २५,००० व्होल्ट असतात. पण ज्यांनी २००० सालाच्या आसपास आकुर्डी-पिंपरी लोकलचे धक्के खाल्लेत, त्यांच्या डोक्यावर 'फक्त' १,५०० व्होल्ट होते, तेही डीसी. हा बदल का झाला, आणि व्हायला इतकी वर्षं का लागली, हे समजायला दहावीतली दोन सूत्रं पुरतात. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. पहिलं सूत्र ओहमसाहेबांनी १८२७ साली पुस्तकात छापलं. तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने १८४१ मध्ये दाखवलं. या 'वर्गा'तच सगळी मेख आहे.

तर मंडळी, जाऊया शंभर वर्षं मागे. ३ फेब्रुवारी १९२५ ला जीआयपी रेल्वेची विजेवरची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. पुढे घाट चढून ही वीज पुण्यापर्यंत आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. बोरघाटात मालगाड्या ओढायला जे इंजिन आणलं, त्याचं आपल्याकडे नाव पडलं 'खेकडा'. (वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक ठेवलेलं आहे, पोरांना घेऊन जरूर जा.) घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट आणि खेकड्याची ताकद सुमारे २,६०० हॉर्सपॉवर.

आता कॅल्क्युलेटर काढा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून २,६०० चे झाले साधारण १,९४० किलोवॅट. त्याला १,५०० व्होल्टने भागा. जवळजवळ १,३०० अँपिअर! घरातला गीझर घेतो आठ-दहा. तारेच्या नजरेतून बघितलं तर तो अख्खा लोखंडी खेकडा म्हणजे १,५०० भागिले १,३००, जेमतेम १.१५ ओहम. (मोटर म्हणजे काही साधा रेझिस्टर नव्हे, फिरताना ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, हे मान्य. पण अंदाज यायला चालतं.)

समजा सबस्टेशनपासून इंजिनापर्यंतची तार आणि परतीचे रूळ मिळून ०.१ ओहम भरले. ऐकायला काहीच नाही. पण १,३०० गुणिले ०.१ म्हणजे १३० व्होल्ट वाटेतच गायब. आणि १,३०० चा वर्ग गुणिले ०.१ म्हणजे १६९ किलोवॅट, सव्वादोनशे हॉर्सपॉवर, निव्वळ तार तापवण्यात खर्च. म्हणून मग जाडजूड तांबं टांगा आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन बांधा. हेच गणित २५,००० व्होल्टला केलं तर करंट ७८ अँपिअर आणि नुकसान सहाशे वॅटच्या आसपास. आपली इस्त्री याहून जास्त खाते. (एसीत इंडक्टन्सचं लचांड वेगळं असतं, पण फरक एवढा प्रचंड आहे की निकाल बदलत नाही.)

मग तेव्हाच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! टाटांनी १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला सुमारे एक लाख व्होल्टने पाठवलीच होती. अडचण गाडीत होती. चढावर जोर लावणारी आणि वेग सहज बदलता येणारी मोटर डीसीचीच होती, आणि एसीचं डीसी करणारी यंत्रं इंजिनाच्या पोटात मावत नव्हती. म्हणून ती रुळांशेजारी सबस्टेशनमध्ये बसवली आणि मोटरला झेपेल तेवढंच व्होल्टेज तारेत सोडलं. माझ्या मते त्या काळात तोच निर्णय योग्य होता.

एक गोष्ट मात्र या सूत्रांत येत नाही. वॅट येतात कुठून? मुंबईची विजेची भूक भागवायला टाटांनी मुळशीला धरण बांधलं, त्या पाण्यावर १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि मावळची पन्नासएक गावं त्यात गेली. १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सत्याग्रह करत होते. शेवटी धरण झालंच. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, पण आमच्या कॅन्टीनमध्ये हा विषय कधी निघालेला मी ऐकला नाही.

असो. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं. पण आपला मार्ग तसाच राहिला. आयटीवाल्यांच्या भाषेत पक्की 'लेगसी सिस्टिम': तार बदलायची तर सगळ्या लोकल, इंजिनं, सबस्टेशनं बदलायची, आणि तेही गाड्या बंद न करता. मधल्या काळात दोन्हीवर चालणारी इंजिनं आली. त्यातलं डब्ल्यूसीएएम-३ एसीवर ५,००० हॉर्सपॉवर द्यायचं आणि डीसीवर ४,६००. पुणे-लोणावळ्याचं व्होल्टेज बदललं, मग मुंबईचं, आणि एप्रिल २०१६ मध्ये शेवटी हार्बर लाइनचं. जिथे सुरू झालं होतं, तिथेच संपलं.

संपलं म्हणजे रेल्वेपुरतं. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी मेट्रो २५,००० व्होल्ट एसीवर चालते, पण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची रचना ७५० व्होल्ट डीसीची आहे, वरच्या तारेऐवजी बाजूच्या तिसऱ्या रुळातून. जमिनीलगतच्या रुळात २५,००० व्होल्ट सोडणं शक्य नाही, आणि जेमतेम २३ किलोमीटरच्या मार्गावर जवळजवळ सबस्टेशनं परवडतात. तेव्हा करंट किती लागेल, ते तुम्हीच काढा. सूत्र वर दिलंय.