प्रवाळ मत्स्यालय, घरगुती

प्रवाळ मत्स्यालय, घरगुती : प्रवाळ, त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे, शंख-खेकड्यांसारखे अपृष्ठवंशी प्राणी आणि या सर्वांना जगवणारे सूक्ष्मजीव यांचा काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात राखलेला समुदाय. असे मत्स्यालय उभारणे म्हणजे टाकी, दिवे, पंप आणि रंगीत प्राणी विकत आणून एकत्र मांडणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात येथे पाळायचे असते ते पाणी. त्याची लवणता, तापमान आणि रासायनिक घडण एका अरुंद पट्ट्यात महिनोन्‌महिने टिकवता आली, तर प्राणी जगतात. ती हलत राहिली, तर महागडी उपकरणेही त्यांना वाचवू शकत नाहीत. म्हणून या उद्योगाचे यशापयश पहिला मासा आणण्यापूर्वीच बव्हंशी ठरून गेलेले असते.

याचा पुरावा समुद्रातच आहे. कोकणचा किनारा उष्ण कटिबंधात असूनही तेथे लक्षद्वीपसारखे विस्तीर्ण प्रवाळखडक आढळत नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गोडे पाणी आणि गाळ आणून ओततात. लवणता उतरते, पाणी गढूळते आणि प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाची ऊर्जेची गरज मुख्यतः त्यातूनच भागते. प्रकाश तुटला की प्रवाळाची उपासमार सुरू होते. मालवणजवळ प्रवाळ आहेत, पण मर्यादित जागी आणि निबर जातींचे. उलट विजयदुर्गापासून 100 किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर पाणी नितळ आणि स्थिर असल्यामुळे प्रवाळ चांगले वाढले आहेत. अक्षांश तोच, समुद्र तोच, फरक स्थैर्याचा. किनाऱ्यावरचे पाणी पिंपात भरून आणावे, ते फुकट आणि नैसर्गिकही, या सूचनेचे उत्तरही यातच आहे. जे पाणी समुद्रात प्रवाळाला मानवत नाही, ते शहरांच्या सांडपाण्यासह टाकीत मानवणार नाही.

त्यामुळे पाणी घरीच बनवावे लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन, फॉस्फेट आणि तांबे काढून टाकण्यासाठी ते आरओ आणि त्यापुढच्या आयन-विनिमय गाळणीतून घेतात व त्यात मत्स्यालयासाठीचे तयार समुद्री मीठ, दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम लवणता येईल इतके, विरघळवतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि इतर अनेक घटक ठरलेल्या प्रमाणात असतात. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, तापमान 25-26 अंश सेल्सिअस, कॅल्शियम लिटरला सुमारे 420 मिलिग्रॅम, हे लक्ष्य. टाकीत सच्छिद्र दगड रचून पाणी खेळते ठेवले आणि अमोनियाचा थोडा स्रोत दिला, की त्यांच्या पृष्ठभागावर जीवाणूंची वस्ती होते. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. बाटलीबंद जीवाणू मिळत असताना इतके थांबायचे कशाला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. त्या जीवाणूंनी हा टप्पा लवकर आटोपतो, पण त्यानंतर तपकिरी डायॅटम, मग हिरवे केसाळ शैवाल आणि शेवटी दगडावर चढणारे गुलाबी पाषाणी शैवाल हा क्रम पुरा व्हायला महिने लागतात आणि तो बाटलीत भरून मिळत नाही.

जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी 1961 मध्ये मांडलेली पद्धत या विचाराचा पाया आहे. समुद्रातून आणलेले जीवाणूयुक्त दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवले. गाळण्याचे काम दगडच करीत. पुढे पेटर विल्केन्स यांनी जी गोष्ट रूढ केली ती आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे : चुन्याची निवळी. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतो. रोज वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी निवळी थेंबथेंब सोडली, की कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही भरून निघतात. हे काम रात्री करणे चांगले; प्रकाशसंश्लेषण थांबून कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे तेव्हा पीएच उतरलेला असतो. घाई केली तर तोच पीएच झपाट्याने चढून प्राणी दगावतात.

छोटी टाकी स्वस्त आणि सोपी, हा सल्ला नवख्याला नेहमी मिळतो, आणि तो घातक आहे. पाण्याची पातळी 2 सेंटिमीटर उतरली, तर 60 सेंटिमीटर खोल टाकीत लवणता 35 वरून 36.2 होते, 25 सेंटिमीटर खोल टाकीत ती 38 च्या वर जाते. उन्हाळ्यात पंखा लावून पाणी गार ठेवले की वाफ वाढते, आणि वाफ भरायला गोड्या पाण्याऐवजी चुकून खारे पाणी घातले तर चढलेली लवणता पूर्ववत होत नाही, आणि असे वारंवार झाले तर ती चढतच जाते. लहान टाक्यांतही उत्तम प्रवाळ वाढवलेले आहेत, हे खरे. पण ते रोज मोजमाप करणाऱ्या अनुभवी हातांचे काम आहे. वीज गेली की लहान टाकी लवकर तापते. प्राणवायू तर दोन्हींत घटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप भारतात चैनीची वस्तू नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे : ही हौस खडकांची लूट करते. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. फिलिप हेन्री गॉस यांच्या 1854 च्या ग्रंथाने इंग्लंडमध्ये मत्स्यालयाचे वेड पसरले, आणि त्यांचेच पुत्र एडमंड यांनी 1907 मध्ये संग्राहकांनी किनाऱ्यावरची डबकी उजाड केल्याची खंत लिहून ठेवली. भारतात 2001 पासून सर्व खडक-बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. हे संरक्षण मृत सांगाड्यालाही आहे. त्यामुळे ली यांचे समुद्रातून आणलेले दगड येथे अनुकरणीय नाहीत. पण त्यांच्या पद्धतीचा गाभा दगडाच्या उगमात नसून त्याच्या छिद्रांत आहे, आणि ती छिद्रे भाजलेल्या मातीच्या किंवा सिमेंटच्या कृत्रिम खडकातही असतात. प्रवाळाविना हे मत्स्यालय अपुरे, असे कोणी म्हणेल. ज्या देशांत कायदा मुभा देतो तेथे प्रवाळाची फांदी तोडून नवी वसाहत वाढवता येते, म्हणून तेथेही समुद्राला हात लावण्याची गरज घटत गेली आहे. येथे सुरुवात माशांपासून करावी. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक माशांचे प्रजनन बंदिस्त पाण्यात यशस्वी केले आहे. अशा जन्मापासून टाकीत वाढलेल्या माशांना कोरडे खाद्य आणि काचेच्या भिंती नव्या नसतात. पाणी स्थिरावले, की त्यांची जोडी सोडून पुढचे काही महिने फक्त मोजमाप करावे.