तक्त्यात नसलेले पातेले

1931 साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड या पदार्थाची पूड बाटलीत भरत होते. पुडीचे कण हवेत उडाले. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र कसलीच चव लागली नव्हती. त्यांनी आणखी लोकांना ती पूड चाखायला दिली. काहींना ती जहाल कडू लागली, काहींना खडूसारखी बेचव. 'पीटीसी' या लघुनावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या पदार्थाने एक गोष्ट सिद्ध केली : कडू चव सर्वांना सारखी कळत नाही, आणि हा फरक आनुवंशिक असतो.

भारतात या शोधाला वेगळेच आयुष्य लाभले. विसाव्या शतकाच्या मध्यास येथील मानववंशशास्त्रज्ञांनी पीटीसीची द्रावणे घेऊन गावे आणि पाडे पालथे घातले. रक्तगटांप्रमाणेच चवीची ही कसोटीही जातीजमातींमधील आनुवंशिक अंतर मोजण्यासाठी वापरली गेली. ज्या माणसाची जीभ तपासली, तो घरी कोणती पालेभाजी खातो आणि ती कशी शिजवतो, हा प्रश्न त्या पाहण्यांच्या कक्षेतच नव्हता.

त्याच दशकात दुसरे एक मोजमाप सुरू झाले होते. निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे संचालक वॉलेस आयक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पुस्तिकेचा वारसा सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवला, आणि 2017 मध्ये 528 अन्नपदार्थांचे नवे तक्ते आले. हे काम फार मोलाचे आहे. परंतु या तक्त्यांतील पान मुख्यतः कच्चे असते. एका बाजूला जीभ मोजली गेली, दुसऱ्या बाजूला पान मोजले गेले. त्या दोघांच्या मध्ये चुलीवर असलेले पातेले कोणाच्याच तक्त्यात आले नाही. एखादी भाजी आवडते की नाही, याचा निकाल मात्र बराचसा त्या पातेल्यातच लागतो.

मोहरीवर्गातील भाज्यांचे पाहा. मोहरी, कोबी, मुळा यांच्या पानांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात आणि ती फोडणारे मायरोसिनेज हे विकर पानात वेगळ्या कप्प्यात असते. पान चिरले, चावले किंवा वाटले की दोघांची गाठ पडते आणि नाकात चढणारा झणझणीत पदार्थ तयार होतो. किडीला दूर ठेवण्याची ही वनस्पतीची युक्ती आहे. उष्णतेने विकर निकामी होते. तयार झालेला तिखट अंश वाफेबरोबर उडून जातो. न फुटलेली कडवट संयुगे पाण्यात उतरतात. म्हणजे पान आधी चिरले की आधी उकळत्या पाण्यात टाकले, भांडे झाकले की उघडे ठेवले, पाणी ओतून दिले की आटवले, यावर एकाच पानाच्या निरनिराळ्या चवी अवलंबून असतात.

काश्मीरमधील 'हाक' ही या रसायनशास्त्राची सुरेख प्रत म्हणावी लागेल. मोहरीचे तेल तापवून त्यात पाणी घालतात, हिंग, मीठ आणि लाल मिरच्या टाकतात, आणि खळखळत्या पाण्यात पाने बहुधा अखंडच सोडतात. पान चिरलेले नसल्याने विकराला काम करण्याची संधी फारशी मिळत नाही. भांडे उघडे असल्याने पानातून निघणारी उडून जाणारी आम्ले वाफेसह निघून जातात आणि रंग टिकतो. रंगाचे कारण रिशार्ड विलश्टेटर यांच्या संशोधनात सापडते. त्यांना 1915 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते हरितद्रव्यासह वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या अभ्यासासाठी. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आम्लाच्या सान्निध्यात ते निसटते आणि हिरवे पान मळकट शेवाळी होते. झाकण ठेवून तासभर शिजवलेल्या भाजीला येणारी अवकळा ती हीच.

आसाममध्ये याच प्रश्नाला नेमके उलट्या बाजूने उत्तर मिळाले. तेथे वाळवलेल्या केळीच्या सालींची राख पाण्यात भिजवून, गाळून 'खार' काढतात आणि त्यात कच्ची पपई, डाळी, पाले शिजवतात. क्षारामुळे मॅग्नेशियम जागेवर राहते, पेशींच्या भिंती लवकर मऊ होतात आणि भाजी हिरवी व लुसलुशीत होते. इंग्लंडमधील स्वयंपाकीही भाज्यांच्या पाण्यात सोडा घालत, तो याच हेतूने. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते : क्षारयुक्त पाण्यात क आणि ब-1 ही जीवनसत्त्वे अधिक नष्ट होतात. जिभेचा लाभ आणि शरीराचा लाभ नेहमी एका दिशेने जात नाहीत.

पंजाबची रीत आणखी निराळी. सरसोंच्या सागाचे पाणी ओतून देत नाहीत, ते आटवतात. मग कडवटपणा जातो कुठे? तो जात नाही, विरळ होतो. सोबत पालक आणि बथुआ असतो, दाटपणासाठी मक्याचे पीठ असते, वर लोणी असते, आणि मंद आचेवर गेलेल्या काही तासांत तिखट अंश उडून गेलेला असतो. बंगालने तर कडूपणा लपवलाच नाही. सोळाव्या शतकातील मुकुंदराम चक्रवर्तींच्या 'चंडीमंगल' काव्यातही ज्याचा उल्लेख येतो, तो शुक्तो आज जेवणाच्या आरंभी वाढला जातो. त्यातील कारले वेगळे तळून, इतर भाज्यांच्या मानाने थोडेसेच घालतात. दूध, मोहरीची किंवा खसखशीची गोळी आणि चिमूटभर साखर त्याला सांभाळून घेतात.

कारल्याला मीठ लावून पिळण्याची रीत देशभर आहे. कडू रस निघून जातो, एवढाच तिचा अर्थ लावला जात असे. 1997 मध्ये पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले, की मिठातील सोडियम मिश्रणातील कडू चव दाबून टाकते आणि तिच्याखाली दडलेली गोडी वर आणते. मीठ भाजीत काम करते, तसे जिभेवरही करते. पीटीसीच्या कडूपणाशी निगडित असलेले 'टीएएस2आर38' हे जनुक हाती आले ते त्यानंतर, 2003 मध्ये. ते जनुक काही भाज्यांच्या कडूपणाची तीव्रता ठरवते. परंतु शुक्तो आवडीने खाणाऱ्यांमध्येही तीव्र चवीची जीभ असणारे असतातच.

फोडणीच्या तेलाचे काम केवळ खमंगपणाचे नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटिन स्निग्ध पदार्थात विरघळते. जेवणात थोडे तेल असले की मुलांच्या शरीरात ते अधिक शोषले जाते, हे हैदराबादच्या संशोधकांनी 1980 च्या सुमारास दाखवले. रातांधळेपणाशी झुंजणाऱ्या देशात ही किरकोळ बाब नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शाळांतून शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. आजच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलामागे पालेभाज्यांसह 50 ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गात 75 ग्रॅम भाजी धरलेली असते. हे वजन शिजवण्याआधीचे आहे. मोठ्या पातेल्यात सकाळी शिजलेला आणि मधल्या सुट्टीपर्यंत झाकणाखाली राहिलेला पालक कागदावर 50 ग्रॅमच असतो. ताटात उरला तरी नोंदीत तो खाल्लेलाच ठरतो. आयक्रॉइड यांच्या तक्त्यातून सुटलेले पातेले शासकीय निकषांतूनही असे सुटले आहे.

कडूपणावर स्वयंपाकाने मात करता येते, हे विधान मात्र सरसकट खरे नाही. कारल्याचा कडूपणा निरुपद्रवी असतो. दुधी भोपळ्याचा नसतो. दुधी कडू झाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढलेली असतात आणि ती शिजवूनही टिकतात. 2010 मध्ये दिल्लीत आरोग्यासाठी म्हणून कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नंतर स्पष्ट बजावले, की रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, तो कडू लागला तर फळ फेकून द्यावे आणि रस प्यायल्यावर त्रास होऊ लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. दुधी चिरताना देठाकडची फोड जिभेला लावून पाहण्याची रीत अनेक घरांत त्यापूर्वीही होती.