कोलिसऱ्याचा पतंग

तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला आवळून बांधावयास पूर्वीं दख्खनमध्यें एक चिवट वादी वापरीत. ती कातड्याची नसे. रानांतील एका किड्याचा कोश गोल गोल कापून काढलेली असे. ह्या कोशास ‘कोलिसरा’ म्हणत. १८०४ सालीं रॉक्सबर्गनें वर्णिलेला बंगालचा टसर तो हाच. कर्नल साइक्स ह्यांनीं १८३० नंतर कोलिसऱ्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. रेशीम हातीं असून त्याची दोरी करावी, हें थोडें चमत्कारिकच!

कोशांतून निघणारा पतंग जवळजवळ वीतभर रुंद. नर बहुधा विटकरी. मादी त्याहून मोठी, पिवळी किंवा राखी. प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक डोळा. एकाच रानांतील माद्यांतहि रंग एक नसतो, तेव्हां विद्वानांचा गोंधळ उडाला ह्यांत नवल नाहीं. ड्रूरीनें १७७३ त ‘मायलिट्टा’ हें नांव दिलें. तरी पुढें शंभर वर्षें कित्येक ग्रंथकार त्यास लिनियसच्या ‘पाफिया’ नांवानेंच ओळखीत.

ऐन व बोर हीं त्याच्या अळीचीं आवडतीं झाडें. ऐन कोंकणांत आहे, तसाच नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडेहि आहे. पुण्यास मेजर कूसमेकर ह्यांनीं १८७० नंतर हे किडे पाळण्याचे प्रयोग केले. परंतु अळी उघड्या झाडावर वाढावयाची, आणि तेथें मुंग्या व पांखरें टपलेलीं. दख्खनमध्यें धंदा रुजला नाहीं. भंडारा-गडचिरोलीकडे मात्र टसराचे कोश अजून काढले जातात.