मध्यस्थ संस्थांमार्फत मिळणाऱ्या मदतीचं मूल्यमापन कसं करतात?

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर रोज एक आकडा फिरतो. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी धोका पातळीच्या कितीतरी वर गेली होती. पुराच्या दिवसांत आणखी एक गोष्ट फिरते, ती म्हणजे मदतीची आवाहनं. ‘आम्ही स्थानिक संस्थांमार्फत काम करतो’ हे वाक्य त्यात अनेकदा असतं. नदीची पातळी मोजायला बंधाऱ्यावर पट्टी आहे. पण या मदतीचं पुढे काय झालं, ते कसं मोजायचं?

मधली संस्था नेमकं काय करते?

परदेशी सरकार, मोठी कंपनी किंवा ट्रस्ट यांना शेकडो छोट्या संस्थांशी थेट व्यवहार करणं जमत नाही. म्हणून मधे एक मोठी संस्था येते. ती छोट्या संस्था निवडते, त्यांना पैसे देते, हिशेब लिहायला शिकवते, काम तपासते आणि वर अहवाल पाठवते. त्यासाठी काही रक्कम स्वतःच्या खर्चाला ठेवते. यात गैर काही नाही. पण मग तपासणी तिघांची व्हायला हवी: देणाऱ्याची, मधल्याची आणि गावातल्याची. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तपासला जातो तो फक्त शेवटचा.

ही पद्धत नवी नाही. कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी करताना साधारण हेच केलं. १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्यानंतरची जैन, मुस्लिम, लिंगायत समाजांची बोर्डिंगं, १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह. दरबारानं जागा आणि अनुदान दिलं, बहुतेक ठिकाणी कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींनी पाहिला. पहिल्या वर्षी कुणी मूल्यमापन केलं असतं तर खोल्या आणि मुलं मोजली असती. खरा परिणाम दिसायला एक पिढी जावी लागली. देणारा गेल्यावरही संस्था टिकते का, ही सगळ्यात कठीण कसोटी, आणि यातली काही वसतिगृहं आजही चालू आहेत.

पाणलोटाची गोष्ट

महाराष्ट्रातलं सर्वात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे १९९० च्या दशकातला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचा पैसा नाबार्डकडे यायचा आणि तिथून स्थानिक संस्था व गावच्या पाणलोट समितीपर्यंत जायचा. या संस्थांना आणि गावांना तयार करण्याचं काम १९९३ मध्ये नगर जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘वॉटर’ म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टकडे होतं. आधी गावाची तयारी, मगच मोठा निधी, असा क्रम होता. गावानं श्रमदान करायचं, मोकाट चराई आणि वृक्षतोड थांबवायची, या अटी होत्या.

अशा वेगवेगळ्या पाणलोट प्रकल्पांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेसाठी जॉन केर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातली ८६ गावं पाहिली. महत्त्वाचं म्हणजे, प्रकल्प नसलेली गावंही त्यात होती. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय प्रकल्पाला जातं. निष्कर्ष असा की निव्वळ सरकारी तांत्रिक पद्धतीपेक्षा लोकसहभाग आणि तांत्रिक बाजू दोन्ही सांभाळणाऱ्या प्रकल्पांचं काम सरस होतं. पण दुसरी बाजूही निघाली. पाणी वाढलं ते जमीनवाल्यांच्या विहिरीत. चराईबंदीची झळ मात्र भूमिहीन आणि शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांना बसली.

विहिरीची पातळी हा एकच निकष धरला असता तर प्रकल्प पास झाला असता. म्हणूनच जगभर वापरल्या जाणाऱ्या ओईसीडीच्या सहा निकषांत कामाची गरज होती का, इतर कामांशी त्याचा मेळ बसला का, उद्दिष्ट गाठलं का, खर्च वाजवी होता का, परिणाम काय झाला आणि तो टिकला का, हे सगळं विचारलं जातं. त्यात ‘कुणाचं नुकसान झालं?’ हा प्रश्न आपण आवर्जून घालावा.

आता काय बदललंय?

सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी योगदान कायदा बदलला. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ८ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी वैध ठरवली. म्हणजे परदेशी पैशापुरती मध्यस्थाची ही साखळीच तुटली. पैशाचा माग काढणं सोपं व्हावं, ही सरकारची बाजू. ज्या गावपातळीच्या संस्थांकडे परदेशी देणगीसाठीची नोंदणी नाही, त्यांचा रस्ता मात्र बंद झाला.

देशी पैशाला ही बंदी नाही. कंपन्यांच्या सीएसआर निधीत स्वतंत्र मूल्यमापनाची सक्तीही आहे, पण ती सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर बंधन असलेल्या कंपन्यांच्या, १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांपुरती. पुरानंतर एखाद्या गल्लीत झालेलं चारपाच लाखांचं काम यात कधीच येत नाही.

शिवाय एक अडचण कुठलाच नियम सोडवत नाही. गावातल्या कार्यकर्त्याचं पुढच्या वर्षीचं मानधन मध्यस्थाच्या हातात असतं. त्याच मध्यस्थासमोर ‘तुमचा हप्ता उशिरा आला, म्हणून शिबिर रद्द झालं’ असं तो कसं सांगणार? मूल्यमापन करणाऱ्यानं त्याच्याशी वेगळं आणि नाव न छापता बोलायला हवं.

पुढच्या पुरात आवाहन आलं तर पैसे पाठवण्याआधी कमेंटमध्ये तीन गोष्टी विचारता येतील. १०० रुपयांतले किती रुपये स्थानिक संस्थेपर्यंत जातात? ती संस्था कोणती, आणि तिचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक काय? मागच्या वेळी जिथं काम केलं, तिथं सहा महिन्यांनी कुणी परत गेलं होतं का?