परस आणि परवाना

‘परसबाग’ हा शब्द मराठीत फार सहजपणे वापरला जातो. परंतु शब्दांनाही मालकी असते. परसबागेसाठी आधी परसदार हवे, परसदारासाठी घर हवे आणि घराखालची जमीन आपली हवी. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांच्या वाट्याला यांपैकी काय आले? मुंबईच्या उपनगरांतील भाजीच्या बागांचा इतिहास लिहायचा तर प्रारंभ या प्रश्नापासून करावा लागतो.

गावात महारांकडे वतनाची जमीन होती. तिला हाडकी-हाडोळा म्हणत. या तुकड्याच्या बदल्यात सबंध कुटुंबाने रात्रंदिवस गावची आणि सरकारची चाकरी करायची, आणि पिढीगणिक वाटण्या होऊन तो तुकडा वावभर उरायचा. म्हणून तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याआधी दहा वर्षे, १९१८ मध्ये, लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की, प्रश्न केवळ तुकड्याच्या आकाराचा नाही. त्या तुकड्यावर राबायला अवजार व भांडवल किती आणि त्यावर भार किती माणसांचा, हा आहे. शिवाय अस्पृश्याने भाजी पिकवलीच तरी ती घेणार कोण? ज्या हाताचे पाणी चालत नव्हते, त्या हाताची मेथी सवर्णाच्या चुलीवर कशी चालावी? जातिव्यवस्थेने आमच्याकडून जमीन तर काढून घेतलीच, पण बाजारही काढून घेतला.

या पार्श्वभूमीवर मुंबई पाहिली पाहिजे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही गावे याच मार्गावरची. भातखाचरे, मिठागरे आणि भाजीचे मळे असलेली ही साष्टी बेटावरची गावे शहरात आली ती फार उशिरा: जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत महापालिकेची हद्द १९५० मध्ये वाढली, दहिसर आणि मुलुंडपर्यंत १९५७ मध्ये. गावातून निघालेला आमचा माणूस गोदीत गेला, गिरणीत गेला आणि रेल्वेत गेला. गिरणीच्या विणखात्यात त्याला मज्जाव होता, कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. रुळांवर खडी टाकायला मात्र विटाळ आड येत नव्हता. गँगमन, खलाशी, सफाई कामगार या श्रेणींत दलित मोठ्या संख्येने भरती झाले.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम या काळातली. इंग्लंडमध्येही तेव्हा बागा आणि मैदाने खणून बटाटे लावले जात होते. स्वातंत्र्यानंतर मोहिमेचे नाव टिकले, आणि त्याच नावाखाली रेल्वेने रुळांलगतच्या मोकळ्या पट्ट्या आपल्या कर्मचाऱ्यांना, विशेषतः खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना, भाजी लावण्यासाठी परवान्याने दिल्या. हेतू दुहेरी होता. भाजी पिकेल हा एक, आणि पट्टीवर झोपड्या उठणार नाहीत हा दुसरा. लोकलच्या खिडकीतून पालक, लाल माठ, मुळा, भेंडी आणि अळूचे जे वाफे उपनगरांतील प्रवाशांनी अनेक दशके पाहिले, त्यांचा उगम हा आहे.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याच्या हातची भाजी गावाने नाकारली असती, त्याच्या वाफ्यातली जुडी शहराने निमूटपणे खाल्ली. स्टेशनबाहेरच्या पाटीतील पालकाला जात विचारता येत नाही. हे शहराचे औदार्य नव्हे, त्याची ती सोय होती. पण त्या सोयीने एक भिंत पडली हे नाकारता येणार नाही. तथापि नवी भिंत तेथेच उभी राहिली. परवाना ठरावीक मुदतीचा, जागा लागली की परत घेता येणारा. पाण्याची सोय नाही, म्हणून शेजारच्या नाल्याचे पाणी. त्या नाल्यात कारखान्यांचेही पाणी मिसळे. पुढे पुष्कळ ठिकाणी परवाना एकाचा आणि फावडे दुसऱ्याचे, म्हणजे उत्तर प्रदेशातून आलेल्या भूमिहीन मजुराचे, असे झाले. मग नाल्यावरच्या भाजीची ओरड झाली ती पिकवणाऱ्याच्या नावाने. नाल्यात विष सोडणाऱ्याचे नाव घेताना तीच जीभ अडखळली.

दुसरी बाग वस्तीतली. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून येऊन मुलुंडकडच्या एका टेकडीच्या उतारावर राहिले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. झोपडीमागे आजीने दीड-दोन हात रुंदीची माती राखली होती. मोरीच्या पाण्यावर अळू, पत्र्यावर चढवलेला दुधी, डालड्याच्या डब्यात मिरची आणि बांधाला शेवग्याची फांदी. नळावर हंडे लावून उभ्या असलेल्या बायांचे बोलणे या बागांभोवती फिरे. कोणाच्या कारल्याला कळी धरली, कोणाचा वेल उंदराने कुरतडला, राख टाकल्यावर मावा गेला की नाही, याची रोज विचारपूस. बी विकत कोणी आणत नसे. पडवळाचे बी एका घरातून दुसऱ्या घरी जाई आणि पुढच्या पावसाळ्यात भाजी होऊन परत येई. गावात जे ज्ञान दुसऱ्याच्या शेतावर राबून मिळाले होते, ते या बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या ताटासाठी वापरले. आपल्या चळवळीच्या इतिहासात या ज्ञानाची नोंद नाही.

बोरिवली-गोरेगावकडे तिसरी बाग आहे, ती आदिवासी पाड्यांची. आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली, राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा आखल्या गेल्या; पाड्यांवरचे वारली मात्र घरामागे काकडी, शिराळी, गवार लावीतच राहिले. जो येथला मूळ रहिवासी, त्यालाच आपल्या मांडवाखालच्या जमिनीचा पुरावा मागितला जातो.

आता शहरात गच्चीवरच्या बागांना प्रतिष्ठा आली आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली गेली आणि तिच्यापासून अनेकांनी धडा घेतला. चांगले झाले. त्या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, मालकीच्या गच्चीवरचा दुधी ‘पर्यावरणप्रेम’ ठरतो आणि पत्र्यावरचा दुधी ‘अतिक्रमण’. वेल तोच, फरक सातबाऱ्याचा आहे.

जमिनीचा हा प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखला होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्याआधी १९४७ साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात-धर्म न पाहता कसणाऱ्यांना द्यावी, अशी योजना मांडली. रेल्वेची पट्टीही राज्याचीच होती आणि कसणाराही होता. पण बाबासाहेबांच्या योजनेत कसणाऱ्याला संविधानाचे संरक्षण होते. पट्टीवरच्या माणसाकडे कागदाचा परवाना होता. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने कष्टकऱ्यांनी मागणी केल्यास भाजीसाठी जमिनीचे तुकडे पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तेथे ही बाब हक्काची झाली, आपल्याकडे मेहेरबानीची राहिली.

आज वस्त्या उठून त्या जागी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती येत आहेत. १९९५ नंतर घर २२५ चौरस फुटांचे ठरले, पुढे २६९ झाले, आता ३०० आहे. पक्के घर, स्वतंत्र संडास, घरात नळ ही लहान गोष्ट नाही. ज्याने सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य काढले त्याला झोपडीच्या मातीचे गोडवे ऐकवू नयेत. परंतु चौरस फुटांच्या या हिशेबात माती शून्य धरली जाते. सातव्या मजल्यावर आलेल्या माझ्या आईच्या पिढीला शेजारणीच्या कारल्याची विचारपूस करायला वेल उरलेला नाही, आणि भाजीचा खर्च वाढला तो निराळाच.

म्हणून पुनर्विकासाच्या वाटाघाटींत बसणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी घराच्या क्षेत्रफळाबरोबर दोन गोष्टी मागाव्यात: इमारतीच्या आवारात सामायिक मातीचा तुकडा आणि गच्चीवर रहिवाशांचा लेखी हक्क. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील वृद्ध स्त्रियांकडून बियांची, वेलांची, औषधांची माहिती उतरवून घ्यावी. त्या गेल्या की ही माहितीही जाईल. आणि आम्ही शिक्षकांनी परसबागेचा धडा शिकवताना वर्गाला एक प्रश्न जरूर विचारावा: ही जमीन कोणाच्या नावावर आहे?