अडगळीतला पीसी की तयार डबा?

1 जून 2021. गूगल फोटोजची फुकट, अमर्याद साठवण या दिवशी बंद झाली आणि आजीचे फोटो ठेवायचे कुठे, हा प्रश्न माझ्या घरीही आला. उत्तर होतं नॅस, म्हणजे घरच्या वायफायला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी. पण विकत घ्यायची की स्वतः जोडायची?

1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' मांडलं: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडा, एक मेली तरी डेटा वाचतो. 2000 मध्ये तैवानात सुरू झालेल्या सिनॉलॉजीने पुढे हेच तयार डब्यात दिलं. आणि 2005 मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच माणसाने फ्रीनॅस काढलं. अडगळीतला पीसीच नॅस! सॉफ्टवेअर फुकट, वीजबिल मात्र तुमचं.

डब्यात मालकी कुणाची, तेही बघा. 2025 मध्ये सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलांत दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कवर बंधनं घातली. टीका झाली, मग त्याच वर्षी ती सैल केली.

मी पीसीच जोडला. पण आजीचे फोटो आणखी एका वेगळ्या डिस्कवर ठेवलेत, कारण चुकून डिलीट केलेलं रेड परत देत नाही.