पानिपताहून ‘परतलेला’ सेनापती

(१) भूतकाळातील योद्धा अकस्मात वर्तमानात अवतरतो आणि त्याची वाट पाहणारी स्त्री अद्याप तिथेच असते, ही कल्पना कथाकारांना प्रिय आहे. मराठ्यांच्या इतिहासात असा योद्धा खरोखरच ‘अवतरला’ होता आणि त्याला आवरण्यासाठी राज्याला फौज धाडावी लागली.

(२) साताऱ्यात रामचंद्रबाबा शेणवींच्या हाताखाली राजकारण शिकलेले सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणधुमाळीत दिसेनासे झाले. काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार एका शिरविरहित धडाची ओळख पटवून त्यावर अंत्यसंस्कार झाले. तरीही लोकांच्या मनात शंकेला जागा उरलीच.

(३) भाऊंची पत्नी पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या. त्या वाचल्या, दक्षिणेत परतल्या. पण वैधव्य त्यांनी स्वीकारले नाही. कपाळीचे कुंकू तसेच राहिले. पुण्यात पेशवे बदलले. त्यांच्यापुरता काळ पानिपतावरच थांबला होता.

(४) या थांबलेल्या काळात सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण शिरला. आपणच भाऊ, असे तो सांगू लागला. माधवराव पेशव्यांच्या काळात तो तोतया ठरला आणि किल्ल्यावर कैदेत पडला.

(५) पुढे १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादीवर तान्हे सवाई माधवराव, विरोधात इंग्रजांना मिळालेले रघुनाथराव. अशा वेळी, १७७६ मध्ये, रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला मुक्त करून भाऊ म्हणून पुढे केले. कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले.

(६) महादजी शिंद्यांच्या फौजेने बंड मोडले. आंगऱ्यांनी तोतयाला पकडले आणि वर्षअखेरीस पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. मात्र त्याचे बळ केवळ चेहऱ्यातील साम्याचे नव्हते. पानिपतावरून ज्यांचे कुणी परतले नाही, अशी घरे महाराष्ट्रात असंख्य होती. एक भाऊ परतू शकतो, तर आपलाही माणूस परतेल, ही आशा त्याच्या पाठीशी होती.

(७) मिरजेत शिकलेल्या आणि साताऱ्यात वकिली केलेल्या न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक १९१३ मध्ये लिहिले. तोतयाचा निकाल पुण्यात काही दिवसांत लागला. पार्वतीबाईंची प्रतीक्षा मात्र १७८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनेच संपली. ती २२ वर्षांची होती.